कोनाड्याएवढी जागा

आमच्या स्टेशनातल्या सिग्नलच्या केबिनचं माप मला दोन प्रकारे ठाऊक आहे. बाबांच्या पावलांनी ती सहा पावलं लांब आणि चार पावलं रुंद. टेप लावली तेव्हा लांबी भरली अठरा फूट चार इंच आणि रुंदी अकरा फूट. चौथं पाऊल पुरतं पडत नसे, भिंत आडवी यायची. पण रात्रपाळीत झोप येऊ नये म्हणून येरझारा घालणारा माणूस तेही पाऊल धरूनच मोजणार.

मोजली ती मार्चमधल्या एका रविवारी. टेपचं एक टोक मी धरलं होतं, दुसरं बाबांनी. मग चवथीला माहेरी आले तर केबिन नव्हती. तिच्या जागी खडी पसरली होती, त्या खडीवर काँक्रीटचे नवे स्लीपर रचून ठेवले होते आणि बाजूला राखाडी रंगाची, कुलूप घातलेली एक लोखंडी पेटी उभी होती. बाबा फाटकापाशी छत्री घेऊन थांबले होते. म्हणाले, "जिन्याची लाकडं सागवानी होती. कुणीतरी नेली असतील. चुलीत गेली नसली म्हणजे झालं."

गोव्यातलं मुरगाव ते घाटावरचं कॅसलरॉक या रेल्वेमार्गावरच्या एका लहान स्टेशनात माझं बालपण गेलं. आजोबा मिरजेकडचे. १९५५ साली भारताने गोव्याची आर्थिक नाकेबंदी केली आणि कॅसलरॉकच्या वरून येणाऱ्या गाड्या थांबल्या. १९६१ च्या डिसेंबरात गोवा मुक्त झाला, त्यानंतर हा मार्ग पुन्हा जोडला गेला आणि वरच्या बाजूने रेल्वेची माणसं खाली उतरली. आजोबा त्यांच्यातले एक, खलाशी म्हणजे रेल्वेतले मजूर म्हणून आलेले. दोन वर्षांसाठी म्हणून आले आणि इथलेच झाले. घरात मराठी, अंगणात कोंकणी, स्टेशनात कन्नड आणि हिंदी अशा चार भाषांमध्ये आम्ही भावंडं वाढलो. बाबा पुढे त्याच मार्गावर सांधेवाले झाले. पॉइंट्समन म्हणायचे लोक, पण आजोबांच्या तोंडी सांधेवालाच. मला तो शब्द फार आवडतो. रूळ जिथे फुटतो तिथे तो जोडून देणारा माणूस.

केबिन म्हणजे या माणसाची खोली. खाली चिऱ्यांचं जोतं, वर तीन बाजूंनी लाकडी चौकटीतल्या काचा, मंगळुरी कौलांचं छप्पर आणि मधोमध ओळीने उभे अकरा लीव्हर. लाल दांडे सिग्नलचे, काळे सांध्यांचे, निळे कुलपांचे. एक पांढरा होता, तो कशालाच जोडलेला नव्हता. लहानपणी मला तोच माझा वाटायचा, कारण तेवढ्यालाच हात लावायची परवानगी होती. बाबा लीव्हर कधी उघड्या हाताने धरत नसत. खांद्यावरचं फडकं मुठीभोवती गुंडाळून मगच ओढायचे. घामाने पोलाद गंजतं, असं म्हणायचे. रोज संध्याकाळी त्याच फडक्याने सगळे दांडे पुसून काढायचे, त्यामुळे ते आरशासारखे लखलखायचे. आमच्या घरातल्या समईला एवढी चकाकी नव्हती.

लीव्हर ओढला की खाली तार सरकायची. रुळाच्या कडेने छोट्या छोट्या चाकांवरून ती पार सिग्नलपर्यंत गेलेली असे. उन्हाळ्यात तार सैल पडायची आणि सिग्नलचा हात पुरता खाली येत नसे, मग बाबा ती ताणून घ्यायचे. शाळेतून येताना आम्ही पोरं तारेची किरकिर ऐकून ओळखायचो, आता सिग्नल पडणार. सिग्नल पडला म्हणजे वाट मोकळी. आजच्या मुलांना या शब्दाचं नवल वाटतं. पडला म्हणजे मोडला का, असं माझ्या भाच्याने विचारलं होतं. सिग्नलचा हात खरोखर पडायचा, हे त्याला दाखवायला आता आमच्या मार्गावर एकही खांब उरलेला नाही.

आणि तो गोळा. स्टेशनमास्तरच्या खोलीत लाल रंगाचं एक जड यंत्र असे. तसंच एक पुढच्या स्टेशनात. दोन्ही तारेने जोडलेली. दोघा मास्तरांनी घंटेच्या ठोक्यांनी बोलून घेतल्याशिवाय यंत्रातून गोळा सुटत नसे, आणि दोन्ही यंत्रं मिळून एका वेळी एकच गोळा बाहेर येई. रूळ एकच, म्हणून गोळा एकच. ज्या इंजिनाकडे गोळा, त्याचीच पुढची वाट. तो चामड्याच्या पिशवीत घालून, ती पिशवी वेताच्या कड्याला बांधून बाबा फलाटाच्या टोकाशी हात उंच करून उभे राहायचे. न थांबणारी गाडी असेल तर इंजिनातला माणूस बाहेर झुकून दंडावर ते कडं झेलायचा आणि मागच्या स्टेशनाचं कडं खाली टाकायचा. ते खडीवर उड्या मारत जायचं, आम्ही धावत जाऊन आणून द्यायचो. गाडीचा वारा अंगावर घेत हात न हलवता उभं राहणं हे काम किती मोठं आहे, ते तेव्हा कळलं नाही.

या मार्गाची कथा मिठापासून सुरू होते, हे मला फार उशिरा समजलं. १८७८ साली इंग्रज आणि पोर्तुगीज यांच्यात करार झाला. त्यात मुरगावचं बंदर आणि तिथून घाट चढून ब्रिटिश मुलखाला भिडणारी रेल्वे ठरली. बदल्यात गोव्यातल्या मिठाचा ताबा इंग्रजांकडे गेला आणि त्यापोटी पोर्तुगीज सरकारला वर्षाला चार लाख रुपये मिळू लागले. तो पैसा रेल्वेच्या भांडवलावरच्या व्याजाची हमी भागवण्याकडे वळला. खाजनांच्या, म्हणजे खाडीकाठच्या बांध घातलेल्या शेतांच्या, कडेची मिठागरं आणि त्यांवर जगणारी माणसं यांनी या रुळांची किंमत अशी मोजली. १८८१ साली लंडनमध्ये नोंदलेल्या वेस्ट ऑफ इंडिया पोर्तुगीज गॅरंटीड रेल्वे कंपनीने काम हाती घेतलं. १८८७ मध्ये मुरगावकडून गाडी सावर्ड्यापर्यंत पोचली आणि १८८८ मध्ये घाट चढून कॅसलरॉकला. गोव्याच्या हद्दीतला मार्ग सुमारे ८२ किलोमीटर, मीटर गेज, म्हणजे दोन रुळांत बरोबर एक मीटर अंतर. करार १८९२ मध्ये संपला. रूळ राहिले.

कुळे ते कॅसलरॉक हा घाट सव्वीस किलोमीटरचा, चढ सदतिसात एक. म्हणजे सदतीस पावलं पुढे गेलं की एक पाऊल वर. गाडी चढवायला आजही मागून जादा इंजिनं लावावी लागतात. दूधसागरचा ३१० मीटरचा धबधबा पाहायला येणारे लोक त्याच्यासमोरच्या दगडी कमानींच्या पुलाचेही फोटो काढतात, आणि तो पूल आहेच तसा. पण घाटातलं माझं आवडतं बांधकाम फोटोत कधी येत नाही. ते बोगद्याच्या आत आहे.

आजोबांबरोबर लोंढ्याला जाताना मी खिडकीत बसले होते. बोगदा आला. डब्याच्या दिव्याचा उजेड भिंतीवरून सरकत होता आणि त्या उजेडात ठरावीक अंतराने भिंतीत खोलगट चौकटी दिसत होत्या. देवघरातल्या कोनाड्यासारख्या, पण माणूस मावेल एवढ्या. मी विचारलं, यात देव का नाहीत? आजोबा म्हणाले, "अगं, यात गँगमन उभा राहतो, रूळ राखणारा. आत काम करताना गाडी आली तर जायचं कुठे?" एका कोनाड्यात खरंच एक माणूस होता. हातात बत्ती, डोक्यावर घोंगडीची खोळ, भिंतीला पाठ टेकवलेली. खिडकीपासून हातभर अंतरावर. मी इतक्या जवळून त्याचं तोंड पाहिलं की ते अजून आठवतं. त्याने डोळे मिटून घेतले होते, बहुधा धुरामुळे.

पावसाळ्यात घाटात रात्रीची गस्त असायची. दरड, पडलेलं झाड, वाहून गेलेली खडी बघत गँगमन आपल्या हद्दीपर्यंत चालत जायचा, तिथे पलीकडच्या गस्तवाल्याला भेटायचा, दोघे आपापले बिल्ले बदलायचे आणि परत फिरायचे. बिल्ला बदलला म्हणजे पुरावा, की दोघेही चालले. त्या भेटीच्या ठिकाणी गँगची खोली असे. चार भिंती, एक दार, दार रुळाकडे तोंड करून. आत चूल, कोपऱ्यात पहारी आणि फावडी. जळवांवर लावायला तंबाखू आणि चुना. आजोबांच्या सगळ्या गोष्टी त्या खोलीत घडत.

हे सगळं आठवताना मला एक गोष्ट सारखी जाणवते. जुन्या मार्गावर मैलामैलाला माणसाने उभं राहायची जागा बांधलेली होती. केबिन, फाटकवाल्याची खोली, गँगची खोली, पुलावर बाजूला काढलेली फळी, बोगद्यातला कोनाडा. ज्याने हा मार्ग आखला त्याला गृहीतच धरावं लागलं होतं की रुळाच्या शेजारी रात्रंदिवस माणूस असणार, तो भिजणार, त्याला आडोसा लागणार, दिवा ठेवायला जागा लागणार. म्हणून ही बांधकामं माणसाच्या मापाची आहेत. दाराची उंची, कट्ट्याची उंची, पायरीची रुंदी, सगळं अंगाच्या हिशेबाने. राखाडी पेटीला दार आहे, पण ते माणसाने आत जायचं दार नाही.

ती पेटी वाईट नाही, आणि बाबांना तर ती मनापासून पटते. सांधे आणि सिग्नल एकमेकांत बांधून ठेवणारं इंटरलॉकिंग संगणकावर आलं, रंगीत दिव्यांचे सिग्नल आले, माणसाच्या चुकीला जागा कमी झाली. पूर्वी रोज संध्याकाळी रॉकेलचे दिवे घेऊन सिग्नलच्या शिडीवर चढावं लागायचं. आषाढातल्या एका संध्याकाळी ओल्या शिडीवरून बाबांचा पाय सटकला. बाराएक फुटांवरून ते खडीवर पडले, उजवा खांदा निखळला. तो हात अजून डोक्यावर जात नाही. आई त्या दिवसापासून सिग्नलचा दिवा लागेपर्यंत देवापुढचा दिवा लावत नसे. ज्या घराने हे सोसलं, ते घर जुन्या शिड्या परत आणा असं कसं म्हणेल? नव्वदच्या दशकात मीटर गेज उखडून ब्रॉड गेज टाकलं तेव्हाही आम्ही नव्या गाडीला हार घालायला गेलो होतो. गाडी न बदलता थेट लांबचा प्रवास करता येणं ही छोटी गोष्ट नव्हती.

दुखतं ते वेगळ्याच ठिकाणी. बदल करताना कुणी क्षणभर थांबून पाहत नाही, की आपण काढतोय ते काय आहे. केबिन पाडायचं ठरलं तेव्हा तिचा साधा नकाशासुद्धा कुणी काढून ठेवला नाही. मी चौकशी केली. एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर गेले. माणसं सभ्य होती, चहाही दिला. पण प्रत्येकाकडे ती इमारत एकाच शब्दात नोंदलेली होती, 'निरुपयोगी'. आणि त्या शब्दापुढे बोलायला कुणाकडे काही नव्हतं. तेव्हाच मी टेप विकत घेतली.

गोव्याला वारसा म्हणजे काय हे शिकवायला नको. जुन्या गोव्याच्या चर्चांना युनेस्कोची मान्यता १९८६ ची. आमच्या देवळांच्या दीपमाळा, तळ्या, बाल्कांवांची, म्हणजे पुढे बसायच्या सोप्यांची, जुनी घरं यांच्यावर लोक भरभरून लिहितात. पण रेल्वेची केबिन ना देवळात बसते ना चर्चमध्ये. ती ना पोर्तुगीज वैभवाची, ना मुक्तिलढ्याची. ती कामाची जागा आहे, आणि कामाच्या जागेला वारसा म्हणायची सवय आपल्याला नाही. दार्जिलिंग, निलगिरी आणि कालका-शिमला या डोंगरी रेल्वे १९९९, २००५ आणि २००८ मध्ये जागतिक वारशात गेल्या, त्यांची स्टेशनं आणि पूल त्यांच्यासोबत राखले गेले. आमचा घाट चालू मालवाहतुकीचा. मुरगाव बंदरातून कर्नाटकातल्या पोलाद कारखान्यांकडे जाणारा कोळसा याच चढावरून जातो. चालत्या मार्गावर जुनं जपणं अवघड असतं हे मान्य. पण मोजून ठेवणं अवघड नसतं. एक माणूस, एक टेप, एक वही आणि एक सकाळ पुरते.

या मार्गाच्या दुहेरीकरणाचा, म्हणजे शेजारी दुसरा रूळ टाकण्याचा, वाद सर्वांना माहीत आहे. घाटात भगवान महावीर अभयारण्य आणि मोलेचं राष्ट्रीय उद्यान. तिनईघाट ते कुळे या टप्प्याला राष्ट्रीय वन्यजीव मंडळाच्या स्थायी समितीने दिलेली मंजुरी मे २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने रद्द केली. खालच्या सपाटीवर मात्र काम टप्प्याटप्प्याने पुढे सरकत गेलं. वेळसांव, आरोशी, कासावली या भागात रूळ घरांच्या इतक्या जवळून जातात की गाडी आली की कपाटातल्या बशा वाजतात. शंभर-शंभर वर्षांची चिऱ्या-मातीची घरं आहेत ती. दुसरा रूळ म्हणजे त्यांच्या भिंतीला आणखी एक धक्का.

१ नोव्हेंबर २०२० ची रात्र मी विसरणार नाही. चांदरच्या फाटकावर रात्री दुहेरीकरणाचं काम व्हायचं होतं आणि ते अडवायला हजारो लोक जमले. मेणबत्त्या होत्या, वाजवायला घुमटं होती, म्हाताऱ्या बायका शाली पांघरून आल्या होत्या. पहाटेपर्यंत माणसं रुळांवर होती. मी फोंड्याला घरी बसून फोनवर ते बघत होते आणि बाबांचा फोन आला. ते म्हणाले, "एवढी माणसं रुळाजवळ मी कधी पाहिली नाहीत." मग थोडं थांबून, "फाटकवाला कुठे दिसत नाही गं त्यात." आयुष्यभर फाटकाच्या आतल्या बाजूने जग पाहिलेला माणूस तो. लोक कोळशाविरुद्ध, जंगलासाठी, घरांसाठी आले होते, आणि ते आले हे बरंच झालं. पण बाबांच्या त्या प्रश्नाने मला झोप लागली नाही. गावाचं आणि रुळाचं एकेकाळी बोलणं होतं. फाटकवाला गावाला ओळखायचा, कुणाच्या घरी आजारी आहे, कुणाची गाय सुटली आहे, हे त्याला माहीत असे. गाडी यायला वेळ असेल तर प्रेताची तिरडी आधी सोडायचा. ज्या दिवशी रुळाशेजारची उभं राहायची जागा गेली, त्या दिवशी हे बोलणंही थांबलं. मग गावाला रुळाशी बोलायचं तर रुळावरच उतरावं लागतं.

घाट फोडणाऱ्या मजुरांची नावं कुठल्याही पाटीवर नाहीत. त्यांच्या हातचं म्हणून जे उरलंय, ते हेच. जोत्याचे चिरे, कमानीचे दगड, भिंतीतले कोनाडे. एखादी केबिन वाचनालयाला देता आली असती. एखादी फाटकाची खोली प्रवाशांना पावसात टेकायला ठेवता आली असती. आमच्या लहान स्टेशनात बाकांपेक्षा माणसं नेहमी जास्त असतात. हुबळीत रेल्वेचं संग्रहालय आहे, तिथे जुने लीव्हर, गोळ्याची यंत्रं बघायला मिळतात, ते मी मुलांना नेऊन दाखवलं. पण काचेमागचा लीव्हर कुठल्या खिडकीतून कुठला सिग्नल बघत ओढला जायचा, ते तिथे कळत नाही. ते केबिनमध्येच कळायचं.

आता आमच्या वहीत चौदा पानं भरली आहेत. केबिन, पाण्याच्या टाकीचा चौथरा, रुळाखालची एक मोरी, गँगच्या खोलीचं उरलेलं जोतं. प्रत्येक पानावर डावीकडे मी मापं लिहिते आणि उजवीकडे बाबा सांगतील ते. उजवी बाजू नेहमी जास्त भरते.

गेल्या रविवारी फाटकाची खोली घेतली. रस्त्यावर पूल होणार आहे, झाला की फाटक बंद होईल आणि खोलीही जाईल. खोली लहान, दहा फूट बाय आठ. खिडकीला गज, दाराला अजून जुनी कडी. आत भिंतीत एक कोनाडा आहे, बत्तीचा. बाबा आता ऐंशीच्या पुढचे, हात वर जात नाही, म्हणून त्यांनी टेपचं टोक जमिनीशी पायाने दाबून धरलं आणि मी दुसरं वर नेलं. कोनाड्याच्या तळाला काजळीचा काळा गोल तसाच होता.

"चार फूट दोन इंच," मी वाचलं.

"लिही," बाबा म्हणाले. "आणि या बाजूला लिही, की बत्ती डाव्या हाताने ठेवायची. उजव्या हातात झेंडा असतो."